न्याय करू नका, हे कोणाला सांगितले आहे?

बस्तरमधल्या छिंदवाडा गावात ७ जानेवारी २०२५ रोजी एका वृद्ध पाळकांचे निधन झाले. कुटुंब महरा जातीचे, म्हणजे अनुसूचित जातीतले, आणि धर्माने ख्रिस्ती. गावाच्या हद्दीत दफन करू देणार नाही, असा विरोध उभा राहिला. मुलगा उच्च न्यायालयात गेला, तिथे दिलासा मिळाला नाही; मग सर्वोच्च न्यायालयात गेला. वडिलांचा देह तोवर शवागारात. २७ जानेवारीला दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाचा निकाल आला आणि त्यात दोन मते निघाली. न्या. बी. व्ही. नागरत्ना यांच्या मते कुटुंबाला स्वतःच्या जमिनीत दफन करू द्यायला हवे होते. न्या. सतीशचंद्र शर्मा यांच्या मते दफन ठरवून दिलेल्या जागीच व्हायला हवे. देह आणखी किती दिवस ठेवणार? म्हणून प्रकरण मोठ्या खंडपीठाकडे न पाठवता वीस-पंचवीस किलोमीटर लांबच्या ख्रिस्ती दफनभूमीत दफन करण्याचा आदेश झाला.

राज्यघटना एक, कलमे तीच, कागदपत्रे तीच, तरी मते दोन. म्हणून राज्यघटनाच विसंगत आहे असे आपण म्हणत नाही. आपण विचारतो, ती कोणाच्या शेजारी उभे राहून वाचली? बापाला मूठमाती द्यायला निघालेल्याच्या, की वाट अडवणाऱ्याच्या?

हाच प्रश्न मला बायबलच्या एका जुन्या वादाला विचारायचा आहे. न्याय करणे आणि आरोप करणे यांबद्दल बायबल एकमेकांविरुद्ध बोलते, असे म्हणतात. एका ठिकाणी न्याय करू नका, दुसऱ्या ठिकाणी नीट न्याय करा. आपण बहुतेक जण ख्रिस्ती नाही. मग या वादाशी आपला संबंध काय? संबंध असा, की आज छत्तीसगडमध्ये ज्यांच्यावर आरोप होतात, ज्यांचा निवाडा जमाव करतो, त्यांच्यात आपलेच लोक आहेत. महरा आहेत, सतनामी घरांतून आलेले आहेत, आदिवासी आहेत. आणि त्यांना गप्प बसवायला कधी बाहेरून कायदा वापरला जातो, तर कधी आतून हीच वचने.

आधी विसंगती नीट मांडू

आपण शिकलेली माणसे. प्रतिपक्षाची बाजू आधी पूर्ण मांडावी, मग उत्तर द्यावे.

मत्तयाच्या सातव्या अध्यायाची सुरुवातच अशी, की दुसऱ्याला दोषी ठरवू नका, म्हणजे तुम्हालाही कोणी ठरवणार नाही. योहानाच्या सातव्या अध्यायात तोच येशू सांगतो, की वरवर पाहून निवाडा करू नका, योग्य निवाडा करा. म्हणजे करायचा की नाही? योहानाच्याच शुभवर्तमानात गुंता आणखी वाढतो. तिसऱ्या अध्यायात पुत्र जगाला दोषी ठरवायला आलेला नाही. पाचव्यात सगळा न्याय पुत्राकडे सोपवलेला आहे. आठव्यात तो म्हणतो, मी कोणाचाच न्याय करीत नाही. नवव्यात म्हणतो, मी न्यायासाठीच या जगात आलो. बाराव्यात पुन्हा म्हणतो, न्याय करायला आलो नाही. पौलाचे तेच. करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात चौथ्या अध्यायात तो वेळेआधी न्याय करू नका म्हणतो आणि पाचव्यात मंडळीच्या आतल्यांचा न्याय तुम्हीच करायचा असे बजावतो.

यावर भाषेचे उत्तर देता येते आणि ते खरे आहे. या वचनांत मूळ ग्रीक क्रियापद बहुतेक ठिकाणी एकच आहे, आणि त्याचा अर्थ पारखणे, ठरवणे, निवाडा करणे, शिक्षा फर्मावणे इथपर्यंत पसरतो. मराठी भाषांतरकारांनी मत्तय ७ मध्ये 'दोष काढणे' वापरले आणि योहान ७ मध्ये 'न्याय करणे'. रायपूरच्या मंडळ्यांत चालणाऱ्या हिंदी बायबलातही 'दोष लगाना' आणि 'न्याय' असे दोन शब्द आहेत. म्हणजे आपल्या भाषांत ही विसंगती निम्मी सुटूनच आलेली आहे. दोष काढू नका, न्याय मात्र करा. आणि मराठीने योहानाच्या त्या वचनात जो शब्द घातला, तो तर आपल्याच गावातला वाटतो: 'तोंडदेखला'. तोंड पाहून केलेला न्याय. तोंड पाहून, आडनाव पाहून, वस्ती विचारून केलेला न्याय म्हणजे काय, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

पण शब्दांवर सगळे सुटत नाही. बोलणारा एकच असताना तो कधी 'न्याय करीत नाही' आणि कधी 'न्यायासाठी आलो' म्हणतो, त्याचे काय? इथे शब्दकोश बाजूला ठेवावा आणि प्रसंग वाचावा.

जन्मांध माणसाचा खटला

'मी न्यायासाठी आलो' हे वाक्य योहानाच्या नवव्या अध्यायात ज्या प्रसंगानंतर येते, तो आपल्यापैकी प्रत्येकाने एकदा वाचावा. धर्म म्हणून नव्हे, खटला म्हणून.

रस्त्याच्या कडेला एक जन्मांध भिकारी. शिष्य विचारतात, हा आंधळा जन्मला तो कोणाच्या पापामुळे? याच्या, की याच्या आईबापांच्या? प्रश्न ओळखीचा वाटतो ना? माणूस जन्मतः ज्या अवस्थेत आहे ती कोणाच्या तरी पापाचे फळ असली पाहिजे, हे आधीच ठरलेले आहे. फक्त पापी कोण एवढे शोधायचे आहे. आपल्याकडे याला पूर्वजन्मीचे कर्म म्हणतात. येशूचे उत्तर असे, की याचेही नाही आणि आईबापांचेही नाही. निकाल रद्द. मग तो त्याला दृष्टी देतो.

खटला इथून सुरू होतो. ते काम शब्बाथ दिवशी झाले होते. परूशी त्या माणसाला बोलावून चौकशी करतात. त्याच्या सांगण्यावर विश्वास बसत नाही, म्हणून आईबापांना बोलावतात. सभास्थानातून बाहेर काढले जाईल या भीतीने आईबाप म्हणतात, तो आता जाणता आहे, त्यालाच विचारा. पुन्हा त्याला बोलावतात. तो घाबरत नाही. उलट विचारतो, की एकदा सांगितले ना, पुन्हा कशाला ऐकायचे? तुम्हालाही त्याचे शिष्य व्हायचे आहे काय? तो तर्काने बोलू लागतो आणि समोरच्यांकडे उत्तर उरत नाही. तेव्हा ते म्हणतात, की तू पुरता पापात जन्मलेला, आणि आम्हाला शिकवायला निघालास? आणि त्याला हाकलून देतात.

ज्या घरात पहिली पदवी आली त्या घरातल्या मुलाला किंवा मुलीला हे दृश्य समजावून सांगायची गरज नाही. आईबाप घाबरून दोन पावले मागे आहेत, कारण त्यांना उद्या त्याच गावात राहायचे आहे. मूल तोंड उघडून बोलते आहे. आणि समोरून मुद्द्याचे उत्तर येत नाही. जन्माचा दाखला काढला जातो. तू कोण, आम्हाला शिकवणारा? जात नेमकी अशीच चालते. आरोपपत्र नाही, साक्षीदार नाही, सुनावणी नाही, आणि जन्माच्या क्षणीच निकाल तयार.

हाकलून दिलेल्या या माणसाला येशू शोधून काढतो आणि मग ते वाक्य बोलतो. आता ते विसंगत वाटते का? ज्याला जन्मावरून दोषी ठरवले गेले त्याच्यासमोर तो न्यायाधीश म्हणून उभा राहत नाही. ज्यांनी जन्मावरून दोषी ठरवले, आम्हाला सगळे दिसते असे जे सांगत होते, त्यांच्यापुढे मात्र तो न्यायाचे नाव घेतो. वचनांची दिशा पाहिली की गाठ बरीच सैल होते. निकाल देण्याची सत्ता ज्याच्या हातात आहे, त्याला सांगितले आहे की हात आवर. ज्याचे कोणी ऐकत नाही, त्याच्यासाठी सांगितले आहे की न्याय व्हायलाच हवा.

हे मी माझ्या सोयीने काढलेले सूत्र नाही, याची एक परीक्षा घेऊ. याकोबाचे पत्र फक्त पाच अध्यायांचे आहे. चौथ्या अध्यायात तो म्हणतो, भावाविरुद्ध बोलू नका. नियम देणारा आणि न्याय करणारा एकच आहे, शेजाऱ्याचा न्याय करणारे तुम्ही कोण? हे वाचून वाटावे की या माणसाला टीका नकोच. पण पाचव्या अध्यायात तो स्वतः श्रीमंतांवर तुटून पडतो: तुमची शेते कापणाऱ्या मजुरांची मजुरी तुम्ही अडकवून ठेवली, ती मजुरीच ओरडते आहे. आणि दुसऱ्या अध्यायात तो मंडळीतले एक दृश्य रंगवतो. सोन्याची अंगठी घातलेला आला तर त्याला चांगली जागा, फाटक्या कपड्यातला आला तर तू उभा राहा किंवा इथे खाली बस. असे करणारे तुम्ही वाईट विचारांचे न्यायाधीश झालात, असे तो सुनावतो. एकाच लेखकाने, एकाच छोट्या पत्रात, तोंडदेखल्या न्यायाला झोडपले, शेजाऱ्याच्या बदनामीला मना केले आणि मजुरी बुडवणाऱ्यावर उघड आरोप ठेवला. वर बसलेल्याला आवरणे आणि खाली बसवलेल्याचे म्हणणे मांडणे, ही तिन्ही ठिकाणची दिशा एकच आहे.

सगळ्याच वचनांचा मेळ असा बसतो, असा माझा दावा नाही. शेवटच्या दिवसाचा न्याय, नरक, अनंतकाळची शिक्षा हे विषय या सूत्रात मावत नाहीत, आणि ते मानायचे की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. आपल्याला इथे माणसाने माणसाचा न्याय करण्याचा प्रश्न सोडवायचा आहे.

आतून लावलेले कुलूप

वचनाची दिशा उलटी फिरवली की ते कुलूप होते. मंडळीत जातीचा प्रश्न काढणाऱ्याला ऐकवले जाते, की दोष काढू नका. सत्ताधाऱ्याला दिलेली ताकीद तक्रारदाराच्या तोंडावर लावली जाते.

तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पाचवा अध्याय घ्या. एकोणिसावे वचन म्हणते, वडिलाविरुद्धचा आरोप दोन-तीन साक्षीदारांशिवाय घेऊ नका. वाचन अनेकदा इथेच थांबते. विसावे वचन सांगते, पाप करीत राहणाऱ्यांना सर्वांसमोर दोष दाखवा. आणि एकविसावे सांगते, हे करताना पक्षपात करू नका, आधीच मन बनवू नका. तीन सलग वचने आहेत. पहिले वाचून पुढची दोन गिळली, की पदावरचा माणूस सुरक्षित आणि तक्रार करणारी बाई एकटी.

दुसरे आवडते वचन करिंथकरांच्या पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायातले, की भावाने भावाला कोर्टात खेचू नये, त्यापेक्षा अन्याय सोसावा. हे ज्या पौलाने लिहिले, त्याने स्वतः काय केले? फिलिप्पैत त्याला चौकशीविना फटके मारून तुरुंगात टाकले. दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी गुपचूप सोडून द्यायचे ठरवले, तेव्हा तो अडून बसला: आम्ही रोमी नागरिक आहोत, आम्हाला उघडपणे मारले, आता त्यांनी स्वतः येऊन बाहेर न्यावे. पुढे कैसरियात त्याने थेट कैसराकडे दाद मागितली. सत्तेपुढे पौल सोसून गप्प बसला नाही. नागरिकत्वाचा हक्क सांगितला, अपील केले. म्हणून विनयभंगाची किंवा जातिवाचक शिवीगाळीची तक्रार घेऊन निघालेल्या मुलीला सहावा अध्याय वाचून दाखवणाऱ्याने तिला प्रेषितांच्या कृत्यांचा सोळावा अध्यायही वाचून दाखवावा.

रायपूरच्या परिसराला याचा जुना अनुभव आहे. १८६८ मध्ये ऑस्कर लोर हा जर्मन मिशनरी सतनाम्यांमध्ये काम करायला इथे आला आणि त्याने बिश्रामपूर वसवले. गुरू घासीदासांनी जातीची उतरंड नाकारून उभ्या केलेल्या पंथातली माणसे तिथल्या पहिल्या ख्रिस्ती झालेल्यांत होती. मिशनने शिकवले, औषधपाणी केले, हे नाकारायचे कारण नाही. पण गावची मालगुजारीही मिशनचीच होती. जमीन देणारा, काम देणारा, बाप्तिस्मा देणारा आणि चूक झाली तर मंडळीबाहेर काढणारा, हे सगळे एकाच बंगल्यात. आरोप करणारा आणि निकाल देणारा एकच असेल, तर तिथे करुणा असू शकते, न्यायाची खात्री नसते. बाबासाहेबांनी भारतातल्या ख्रिस्ती धर्मावरच्या आपल्या लिखाणात हेच दुखणे दुसऱ्या बाजूने दाखवले. धर्म बदलला तरी जात मंडळीत शिरते आणि तिच्याविरुद्ध आवाज उठत नाही, ही त्यांची तक्रार होती.

बाहेरून लावलेले कुलूप

आता राज्याकडे वळू. मध्य प्रदेशाने १९६८ मध्ये धर्मस्वातंत्र्य कायदा केला. वेगळे राज्य झाल्यावर छत्तीसगडने तोच घेतला. त्यात जबरदस्तीची व्याख्या आहे. दैवी कोपाची भीती घालणे हीसुद्धा त्या व्याख्येनुसार जबरदस्ती. म्हणजे बायबलमधले न्यायाचे वचन हा फक्त प्रवचनाचा विषय नाही. छत्तीसगडमध्ये ते ऐकवणे फौजदारी गुन्ह्याचा भाग ठरू शकते. पिढ्यान्‌पिढ्या विहिरीला शिवलास तर पाप लागेल, देवळात पाय ठेवलास तर देव कोपेल अशी भीती घालून माणसांना अस्पृश्य ठेवले गेले. ती भीती या कायद्याला दिसत नाही, कारण तिने कोणाचा धर्म बदलत नव्हता. ती धर्मात ठेवत होती.

याच कायद्यातली दुसरी गोष्ट शिकलेल्या प्रत्येकाने वाचावी. १९६८ च्या त्या कायद्यात बेकायदा धर्मांतर घडवल्याची शिक्षा एक वर्षापर्यंत कैद होती. पण ज्याचे धर्मांतर झाले ती व्यक्ती अल्पवयीन, स्त्री किंवा अनुसूचित जाती-जमातीची असेल तर दोन वर्षांपर्यंत. वरवर हे संरक्षण वाटते. पण यादी पुन्हा वाचा. लहान मूल, बाई, दलित, आदिवासी. तुम्ही पीएच.डी. असा, जिल्हा न्यायाधीश असा, कोणता धर्म मानायचा या बाबतीत कायदा तुम्हाला लहान मुलाच्या रांगेत बसवतो. त्या जन्मांधाचे आईबाप घाबरले होते तरी म्हणाले होते, तो जाणता आहे, त्यालाच विचारा. आपला कायदा तेवढेही म्हणत नाही.

२५ जुलै २०२५ रोजी दुर्ग रेल्वे स्थानकावर हेच घडले. बजरंग दलाच्या स्थानिक कार्यकर्त्याच्या तक्रारीवरून केरळच्या दोन नन आणि एक आदिवासी तरुण यांना अटक झाली. आरोप मानवी तस्करीचा आणि जबरदस्तीने धर्मांतराचा. सोबतच्या तीन तरुणी सज्ञान होत्या आणि आम्हीच पाठवले असे त्यांच्या घरचे सांगत होते. २ ऑगस्टला बिलासपूरच्या एनआयए न्यायालयाने जामीन दिला. पण तोवर निकाल फलाटावर लागून गेला होता.

या कायद्याला आव्हान दिले गेले तेही याच भागातून. रेव्ह. स्टॅनिस्लॉस यांच्यावरच्या खटल्याला बलौदाबाजारच्या उपविभागीय दंडाधिकाऱ्यांनी मंजुरी दिली होती. बलौदाबाजार तेव्हा रायपूर जिल्ह्यात होते. १७ जानेवारी १९७७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. धर्माचा प्रचार करण्याचा हक्क म्हणजे दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे, असे म्हटले. चर्चा सगळी धर्म देणाऱ्याच्या हक्काची झाली. धर्म घेणारा, जुने सोडून नवे निवडणारा माणूस त्या निकालात जणू बोलतच नाही. आणि आपण तर त्या निवडणाऱ्यांची लेकरे आहोत.

या कायद्याची बीजे नागपुरात पडली होती. रायपूरचे रविशंकर शुक्ल मुख्यमंत्री असताना, नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेश सरकारने मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांची समिती नेमली. एप्रिल १९५६ च्या अहवालात धर्मांतरांविषयी कठोर निष्कर्ष आले, त्यांना कायद्याने आळा घालण्याची शिफारस आली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली, आणि दीक्षा घेणाऱ्या नामवंतांत स्वतः नियोगी होते. एक सुशिक्षित न्यायमूर्ती विचारपूर्वक धर्म बदलतो, याबद्दल कोणी फसवणुकीची शंका घेत नाही. तोच निर्णय सरगुजाच्या आदिवासी बाईने घेतला की समिती बसते. तोंडदेखला न्याय म्हणतात तो हा.

आरोप करणाऱ्यावरच संशय घेण्याची ही सवय धर्मापुरती नाही. कराडच्या एका शासकीय महाविद्यालयातल्या अनुसूचित जातीच्या कर्मचाऱ्याच्या तक्रारीतून उभ्या राहिलेल्या खटल्यात २० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या गैरवापराची चिंता व्यक्त केली आणि अटकेआधी परवानगी, गुन्हा नोंदवण्याआधी चौकशी अशा अटी घातल्या. २ एप्रिलला देश बंद झाला, माणसे मेली. संसदेने कायदा दुरुस्त केला आणि १ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायालयाने ते निर्देश मागे घेतले. एका समाजाचे लोक खोट्या तक्रारी करतात असे वर्ग म्हणून गृहीत धरता येत नाही, हे मान्य करायला दीड वर्ष लागले. तेवढा काळ तक्रारदारच आरोपीच्या पिंजऱ्यात होता.

पुस्तकच साक्षीदार

योहानाच्या पाचव्या अध्यायात एक वाक्य आहे. येशू विरोधकांना म्हणतो, मी तुमच्यावर आरोप ठेवीन असे समजू नका. ज्या मोशेवर तुमची भिस्त आहे, तोच तुमच्यावर आरोप ठेवणारा आहे. न्याय करायचा नाही आणि आरोपही करायचा नाही, मग सत्ताधाऱ्याला सामोरे जायचे कसे? त्याचे उत्तर इथे आहे. त्याच्याच हातातले पुस्तक त्याच्यापुढे उघडून ठेवायचे. मंडळीतल्या जातीपुढे याकोबाचा दुसरा अध्याय. राज्यापुढे राज्यघटनेची कलमे १४, १७ आणि २५. चौकशी न करता कोणाला दोषी ठरवणे आपल्या नियमशास्त्रात बसते का, असे निकदेमाने आपल्याच सभेत विचारले होते. त्यालाही ऐकवले गेले, की तूही त्यांच्यातलाच की काय?

आपण मात्र हे पुस्तक स्वतःपुढेही उघडायला हवे. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात आधी फक्त हिंदू होते; १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित आजही बाहेर आहेत. आपली सवलत ३४ वर्षे बंद ठेवताना ऐकवले जात होते, की बौद्धांत जात कुठे आहे? तेच आज ख्रिस्ती दलितांना सुनावले जाते, आणि आपल्यातलेही काही जण मान डोलावतात. ते तांदळासाठी गेले, शाळेसाठी गेले, असे आपल्या बैठकांतही ऐकू येते. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'मुक्ती कोन पथे?' भाषणात धर्मांतराची सामाजिक आणि आध्यात्मिक अशी दोन्ही अंगे उघडपणे मांडली होती. पोट, मान आणि मन वेगळे करून माणूस धर्म बदलत नाही. आपल्या आजोबांच्या निर्णयाला क्रांती म्हणायचे आणि शेजारच्या महऱ्याच्या निर्णयाला लालूच म्हणायचे, याला तोंडदेखला न्याय नाही तर काय म्हणायचे?

हिब्रूत 'सातान' शब्दाचा मूळ अर्थ विरोधात उभा राहणारा, आरोप करणारा. प्रकटीकरणाच्या बाराव्या अध्यायात तो रात्रंदिवस भावांवर आरोप करणारा म्हणून येतो. त्याच्या उलट उभा असतो तो बाजूने बोलणारा, आणि योहानाच्या चौदाव्या अध्यायात मराठी बायबलने त्याला नाव दिले 'कैवारी'. हा शब्द आपल्या घराघरांत दुसऱ्या एका माणसासाठी वापरला जातो. दलितांचे कैवारी म्हटले की कोणाचा फोटो डोळ्यांपुढे येतो हे सांगायला नको. ते बॅरिस्टर होते, हा योगायोग नाही.

उद्या आपल्यातला कोणी तहसीलदार होईल, कोणी शाळेत मुख्याध्यापक, कोणी मुलाखतीच्या समितीत बसेल, कोणी तक्रार निवारण समितीवर. आजवर आपण त्या टेबलाच्या अलीकडे उभे होतो, तेव्हा 'योग्य न्याय करा' हे वचन आपले होते आणि ते मोठ्याने म्हणायला हवेच. टेबलापलीकडे बसू त्या दिवशी मात्र दुसरे वचन आपल्याला उद्देशून असेल. समोरच्याचे तोंड पाहून निकाल देऊ नये. तो जाणता आहे, आधी त्याला विचारावे, आणि तो बोलेल ते पूर्ण ऐकावे.